तुला अजातशत्रू म्हणाले

हेमंत, परवा इथल्या मराठी मंडळाच्या भर सभेत, माईकवरून, तुला अजातशत्रू म्हणाले. आधी सेक्रेटरी म्हणाले, मग ते दाढीवाले डॉक्टर म्हणाले, आणि शेवटी मंडळातल्या थोरल्या सुधीरकाकांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि तोच शब्द सावकाश, एकेक अक्षर सुटं करून उच्चारला. समोर टेबलावर तुझा फोटो. मंडळाच्या कुठल्याशा जुन्या ग्रुप फोटोतून तुला एकट्याला कापून मोठा केलेला. शेजारचा माणूस कात्रीत गेला होता, पण त्याचा हात तुझ्या खांद्यावर तसाच राहिला होता. एवढ्या मोठ्या मंडळात तुझा एक धड फोटो कुणाला मिळाला नाही, आणि तुझ्या बायकोकडे, मेधाकडे मागावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शोकसभेत रडावं असं लोकांना वाटतं, आणि मी रडत नव्हते म्हणून पाठीमागच्या बायका आपसात कुजबुजत होत्या. ‘शुभाताई किती खंबीर’ असं काहीतरी. खंबीर कसली, मी दात आवळून बसले होते. आपल्याकडे माणूस गेला की हा शब्द लग्नातल्या नारळासारखा प्रत्येकाच्या हातावर ठेवतात. ज्याने आयुष्यात कुणाच्या अध्यातमध्यात पाऊल टाकलं नाही त्याला तो खुशाल द्यावा. तुला का? तुला शत्रू होते. चांगले ठसठशीत, नाव-गाव असलेले, त्याच हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसलेले. ते तू फुकट मिळवले नव्हतेस, आणि ते तुझ्याकडून मेल्यावर काढून घ्यायचा अधिकार यांना कुणी दिला?

रेवा माझ्या दुसऱ्या बाजूला होती. तुझी लेक सोळा वर्षांची झाली तरी मराठी ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते, हे तुझं-माझं कायमचं भांडण. तिने माझा पदर ओढला आणि विचारलं, “आत्या, अजातशत्रू मीन्स?” मी सांगितलं. ती टेबलावरच्या फोटोकडे बघत म्हणाली, “बट दॅट्स नॉट ट्रू, ना?” तुझी मुलगी आहे, शंका नको.

तुझ्यावरचा राग आधी काढून घेते, मग बाकीच्यांकडे वळते. मी इथे ऑकलंडमध्ये इतकी वर्षं नर्स आहे. त्यातली बरीचशी हृदयाच्या वॉर्डात. छातीत जळजळ होतेय म्हणून आलेल्या किती जणांना मी व्हीलचेअरवरून आत ढकललंय. आणि माझा सख्खा धाकटा भाऊ मला फोनवर सांगतो, “ताई, पित्त झालंय गं. काल मिसळ जरा जास्त झाली.” पित्त! आपल्या लोकांना हृदय नसतंच बहुतेक. छातीत दुखलं की पित्त, हात भरून आला की गॅस, घाम सुटला की हवा दमट आहे. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीला जा, नाहीतर मी येते न्यायला. तू म्हणालास, “सोमवारी सुनावणी आहे. ती बाई चार महिने थांबलीये या तारखेसाठी. मंगळवारी नक्की दाखवतो.” आणि वर मला हसून सांगितलंस की कोकम सरबत घेतलंय, बरं वाटतंय. सोमवारी सुनावणी आटोपून तू गाडीत बसलास आणि तिथेच गेलास. कोणाच्या तरी तारखेसाठी स्वतः थांबलास. तुला मी याबद्दल माफ केलेलं नाही आणि एवढ्यात करेन असंही वाटत नाही.

सेक्रेटरींनी तुझा परिचय वाचून दाखवला. जन्म, शिक्षण, पुण्याचं लॉ कॉलेज, इथे येऊन पुन्हा दिलेल्या परीक्षा. त्यात एक ओळ होती, ‘कुटुंबवत्सल’. तेवढा शब्द बरोबर होता, पण त्यांना त्यातलं काय माहीत? शनिवारी सकाळी रेवाच्या नेटबॉलच्या कोर्टाकडेला छत्री धरून उभा राहणारा तू, आणि त्या खेळाचा एकही नियम न कळता ‘रेफरी, हा अन्याय आहे’ असं मराठीत ओरडणारा तू. रेवा लाजून मरायची. पण पलीकडच्या टीमचे बाबा तुझ्याकडून ते शिकले, आणि तेही आपापल्या मुलींसाठी ‘अन्याय आहे’ म्हणून ओरडायला लागले. मेधाची नाइट ड्युटी असली की तिच्या डब्यात थालीपीठ करून ठेवायचास, मध्ये भोक पाडून, आणि भोकात लोण्याचा गोळा, जो मायक्रोवेव्हमध्ये वितळणार हे तुला माहीत असूनही. ‘तिला दिसायला पाहिजे की लोणी ठेवलं होतं,’ म्हणायचास.

आणि रविवारचा अवोन्डेलचा बाजार. तुला मेथी आणायला पाठवलं की दुपारपर्यंत परत यायचा नाहीस. मेथीच्या जुड्या, वांगी, ताजी हळद यांच्या गर्दीत कुणीतरी तुला गाठायचं. कुणाला घरमालक डिपॉझिट देत नाही, कुणाच्या व्हिसाचं अडलंय, कुणाला सहीसाठी कागद दिलाय आणि तो कळत नाही. तू पिशवी खाली ठेवायचास आणि ऐकायचास. एकदा मेधाने मला तुला आणायला पाठवलं, तर तू एका टोंगन आजीशी बोलत होतास, कोथिंबीर, कानामागे खोचून विसरलेल्या पेन्सिलीसारखी, बगलेत धरून, आणि आजी रडत होती. मी लांबूनच म्हटलं, “अरे, फी घेतोस की नाही कधी?” तू म्हणालास, “ताई, आज रविवार आहे.” जसं काही रविवारी पोट भरायचं नसतं. मेधा चिडायची, मी चिडायचे, आणि घरी आलेली कोथिंबीर नेहमी सुकलेली असायची.

ती आजी आली होती हं अंत्यसंस्काराला. ती आणि मनुरेवा उपनगरातली आणखी बरीच माणसं, जिथे तू दर गुरुवारी संध्याकाळी फुकट सल्ला द्यायला बसायचास. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या माओरी गृहस्थांनी विचारलं, गाऊ का. मेधाने मान हलवली. ते सगळे उभे राहिले आणि गायले, खुल्या आवाजात, कुठलाही माईक न घेता, आणि माझ्या अंगावर काटा आला. त्याच वेळी आपली माणसं घड्याळं पाहत होती, कारण क्रिमेटोरियमची वेळ संपत आली होती आणि पुढच्या अंत्यसंस्काराची माणसं बाहेर थांबली होती. मला खरंच कळत नाही, माणसाला निरोप देताना आपण एवढे घाईत का असतो.

आता खऱ्या गोष्टीकडे येते. पाच वर्षांपूर्वी तू एका संध्याकाळी मंडळाच्या कार्यकारिणीचा राजीनामा दिलास. दोन ओळींचा, कारण न देता. उपाध्यक्ष होतास, पुढच्या वर्षी अध्यक्ष होणार हे सगळे धरून चालले होते. आठवड्याभरात गावभर झालं की हेमंतला घाई झाली होती, खुर्ची लगेच पाहिजे होती, मिळाली नाही म्हणून रुसून बसला. वकील ना, इगो असायचाच. गणेशोत्सवात रेवाचा नाच कार्यक्रमातून गळला. ‘वेळेअभावी’. आरतीला तुला पुढे बोलावणं बंद झालं. ज्यांच्या पोरांच्या ॲडमिशनची पत्रं तू लिहिली होतीस ती माणसं प्रसाद घेताना तुझ्या बाजूला उभी राहायचं टाळायला लागली.

आणि तू? तू तरीही दर वर्षी जायचास. मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचास आणि विसर्जनानंतर सगळे जेवायला गेले की एकटा हॉलमधल्या खुर्च्या रचायचास. मी एकदा तुझ्या हातातली खुर्ची ओढून घेतली होती. आठवतं?

“कशाला येतोस रे इथे? स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही?”

“गणपती कमिटीचा नाही, ताई.”

“मग सांग सगळ्यांना का सोडलंस ते! खुर्चीसाठी सोडलंस असं म्हणतात.”

“म्हणू दे.”

“मला तरी सांग.”

तू पुढची खुर्ची उचललीस आणि विचारलंस, घरी वरण उरलंय का. प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक भाऊबीजेला आपलं हे भांडण व्हायचं, आणि प्रत्येक वेळी तू वरण, नाहीतर रग्बी, नाहीतर माझा गुडघा असा कुठलातरी विषय मध्ये आणायचास. मी तुला मुखदुर्बळ म्हटलं, घुमा म्हटलं. कोर्टात तोंड चालतं आणि बहिणीसमोर मूग गिळून बसतोस असंही म्हटलं. तू ओवाळणी माझ्या हातावर ठेवून हसायचास. ते हसणं आठवलं की अजूनही एक धपाटा घालावासा वाटतो.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी केतकी आली. घरात चूल पेटलेली नव्हती, कुणी ना कुणी डबे आणत होतंच. ही मुलगी मऊ भात आणि मेतकूट घेऊन आली. मी तिला ओळखत होते, म्हणजे ती आपल्यात कोण होती ते मला माहीत होतं. सुधीरकाकांच्या भाच्याची बायको. काही वर्षांपूर्वी वेगळी झाली होती, तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला होता, आणि मंडळातल्या बायका तिचं नाव निघालं की चहाचे कप उचलायला लागायच्या. तिने डबा ओट्यावर ठेवला, मेधाला नमस्कार केला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “मला काहीतरी सांगायचंय. दादा असते तर सांगू दिलं नसतं.”

आम्ही दोघींनी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मेधानेही.

नवरा मारायचा. ती एकदा पिशवीत चार कपडे घालून शेजारच्या डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, गेली आणि त्या दुकानदारीणबाईच्या घरीच राहिली. मग आपल्या मंडळाने, म्हणजे सुधीरकाकांनी, ठरवलं की हे प्रकरण बाहेर जाता कामा नये आणि आपल्यातल्याच एका वजनदार माणसाने मध्ये पडावं. कुणाला पाठवावं? हेमंतला. तो वकील आहे, शांत आहे, त्याचा शब्द मोडणार नाही. जा आणि तिची समजूत घाल, चार गोष्टी सांग, घरी परत आण. हेमंत, या लोकांना मी आयुष्यभर ओळखते आणि तरी मला हे ऐकून हसू फुटलं. वकिलाला समेट करायला पाठवणं ही आपल्याच लोकांना सुचणारी गोष्ट आहे. आपल्याकडे वकील म्हणजे घरातला थोरला, ज्याने दोघांना गप्प करायचं. त्याचं काम काय असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

केतकीने सांगितलं, “दादांनी चपला दारात काढल्या आणि बसायच्या आधीच म्हणाले, ‘मला तुमची समजूत घालायला पाठवलंय. ते मी करणार नाही. पण मी वकील आहे. तुम्हाला हवा असेल तर दुसऱ्या चांगल्या वकिलाचं नाव देतो. मीच हवा असेन तर मीही उभा राहीन, पण मग मंडळाचा माणूस राहून चालणार नाही, आज संध्याकाळी कमिटी सोडीन. का सोडलं ते तुम्ही सांगितल्याशिवाय कुणालाही कळणार नाही. माझ्या घरीसुद्धा नाही.’”

“आणि तू म्हणालीस तुम्हीच?” मेधाने विचारलं.

“हो. कारण मला सगळं मराठीत सांगायचं होतं, वहिनी. इंग्रजीत मी दोनदा प्रयत्न केला होता. ‘ही पुश्ड मी’ असं म्हटलं की ते दुसऱ्या कुणाचं तरी झाल्यासारखं वाटायचं. दादांना मी सांगितलं, त्याने मला भिंतीवर आपटलं. मग रडू आलं.”

त्या दिवशी संध्याकाळी तू राजीनामा दिलास. तिला प्रोटेक्शन ऑर्डर मिळाली, नवऱ्याने जवळ फिरकायचं नाही असा हुकूम. फॅमिली कोर्टातली गोष्ट फॅमिली कोर्टात राहिली आणि तुझं तोंड तिथेच शिवलं गेलं. पण कागद तर नवऱ्याकडे गेले होते ना? त्यावर वकील म्हणून तुझं नाव होतं. तो ते घेऊन सरळ मामाकडे गेला असणार, दुसरीकडे जातो कुठे? म्हणजे सुधीरकाकांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं तू का सोडलंस ते. आणि तरी त्यांच्याच घरच्या चहावर ती खुर्चीची गोष्ट जन्मली, वाढली, आणि गावभर फिरली. तुला उत्तर देता येणार नाही हेही त्यांना माहीत होतं. तू गप्प राहणार यावर त्यांचा केवढा विश्वास होता, हेमंत! तुझ्या चांगुलपणाची त्यांच्याइतकी खात्री आम्हालाही नव्हती.

मला हे सोपं नाही, हे तूही समजशील. मी पहिल्यांदा या देशात उतरले तेव्हा विमानतळावर मला घ्यायला सुधीरकाका आले होते, हातात घरचं ब्लँकेट घेऊन, कारण बाहेर थंडी होती आणि मी पुण्याच्या उन्हाळ्यातून आले होते. त्यांच्या घरी मी महिनाभर राहिले. काकूंनी माझ्या केसांना तेल लावलंय. या माणसाला वाईट म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. आणि त्याच माणसाने तुला खोटं पाडलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मला सहन होत नाही.

शोकसभा ठरली. केतकीने सेक्रेटरींना मेसेज करून दोन मिनिटं मागितली. उत्तर आलं, वक्त्यांची नावं निश्चित झाली आहेत. मग दुपारी मला सुधीरकाकांचा फोन.

“शुभा, ती केतकी बोलायचं म्हणतेय. तू जरा सांग तिला. हा प्रसंग तसला नाही.”

“कसला?”

“अगं, गेलेल्या माणसाच्या सभेत जुनं काही उकरून काढू नये. मेधाला त्रास होईल. लोकांमध्ये हेमंतची एक प्रतिमा आहे.”

“कुठली, काका? खुर्चीवाली?”

ते म्हणाले, “तू रागात आहेस. साहजिक आहे.” आणि फोन ठेवला.

मी मेधाला विचारलं. ती तुझे शर्ट घडी करत होती, कुणाला द्यायचे म्हणून नाही, नुसतेच. ती म्हणाली, “ताई, पाच वर्षं मी त्याच्याबरोबर त्या भिंतीला टेकून उभी राहिले, का ते न कळता. मला ऐकायचंय. आणि सगळ्यांनी ऐकावं असं मला वाटतं.” मग तिने तुझा निळा शर्ट परत हँगरला लावला.

तर परवा सगळे बोलून झाले. तीन अजातशत्रू झाले. सेक्रेटरी म्हणाले, “शेवटी कुटुंबाच्या वतीने हेमंतच्या भगिनी चार शब्द बोलतील.” कुटुंबाची वेळ कुणी अडवू शकत नाही, हे त्यांच्या गणितात नव्हतं. मी माईकजवळ गेले. मी म्हटलं, “आमच्या कुटुंबाच्या वतीने केतकी बोलेल. केतकी, ये गं.”

हॉलमध्ये एक कुजबुज उठली. सेक्रेटरी अर्धे उठले आणि कुणाकडे बघावं ते न कळून पुन्हा बसले. केतकी शेवटच्या रांगेतून आली. तिला पुढे यायला किती वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात एकाही माणसाने तिच्याकडे सरळ बघितलं नाही. ती तुझ्या फोटोकडे पाठ करून उभी राहिली आणि बोलली. तिच्याकडे कागद नव्हता.

“हेमंतदादा अजातशत्रू नव्हते. त्यांना शत्रू मिळाले ते माझ्यामुळे, आणि त्यातले काही आज इथे बसलेत. मला मारहाण होत होती. मी घर सोडलं. तुम्ही त्यांना माझ्याकडे पाठवलंत, मला परत घरी धाडायला. त्यांनी मला धाडलं नाही. ते माझे वकील झाले, आणि त्यासाठी त्याच संध्याकाळी कमिटी सोडली. खुर्चीसाठी नाही. कायद्याने ते हे कुणाला सांगू शकत नव्हते. मी सांगू शकत होते, पण मला भीती वाटायची. आता ते नाहीत, आणि मला भीती वाटत नाहीये. एवढंच.”

तिने नवऱ्याचं नाव घेतलं नाही. सुधीरकाकांकडे बघितलंही नाही. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, त्यामुळे नंतर नुसती शांतता होती, आणि ती कुणालाच आवडत नव्हती. कुणीतरी खोकलं. डॉक्टर आपल्या दाढीवरून हात फिरवत बसले. मग आपली रेवा उठली, चालत पुढे गेली आणि केतकीचा हात धरून उभी राहिली, आणि तुझ्या मुलीने त्या भरल्या हॉलमध्ये मराठीत सांगितलं, “थँक यू, केतकीताई. मला माझे बाबा परत मिळाले.” उच्चार वाकडे होते. मी तेव्हा रडले. पाठीमागच्या बायकांना हवं होतं ते त्यांना मिळालं.

तुझी मान खाली झाली असती का रे, हे सगळं असं चव्हाट्यावर आलं म्हणून? मला वाटतं, तू आधी केतकीला विचारलं असतंस, तू ठीक आहेस ना, आणि मग मला म्हणाला असतास, ताई, एवढी काय गरज होती. होती. तुझी नव्हती, माझी होती. मेधाची होती, आणि त्या पोरीची होती. तू आमच्यापुढे गप्प राहून तुझं कर्तव्य केलंस, ते मी आता मानते. पण ते करताना आमच्यावर काय लादलंस त्याचा हिशेब तू कधी केला नाहीस. मी पाच वर्षं आपल्याच माणसांत मान खाली घालून हिंडले. मला तुझा अभिमान वाटू शकला असता, हेमंत. तो मला तू जिवंत असताना हवा होता. आता हा अभिमान घेऊन मी कुणाशी भांडू?

दोन मिनिटं उभं राहून सभा संपली. सुधीरकाका दारात बूट घालत होते. भिंतीला हात टेकूनही त्यांना वाकता येत नव्हतं. माझा हात सवयीने पुढे गेला, त्यांनी तो धरला आणि बूट घातले.

“हे बरं नाही केलंस, शुभा,” ते म्हणाले.

“काका, तुम्हाला माहीत होतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खूप म्हातारे दिसले मला ते. त्यांनी माझा हात सोडला आणि काकूंना शोधायला बाहेर गेले. यापुढे त्या घरी माझं जाणं होईल असं वाटत नाही. त्याचंही मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतंय म्हणून आणखी राग येतो.

मी हॉलच्या किचनमध्ये गेले. कपांचा ढीग पडला होता. एक मुलगी आधीच बाही वर करून कप विसळत होती. नागपूरकडची, फार्मासिस्ट, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. नवरा भजनात तबला वाजवतो, सगळे त्याचं कौतुक करतात. मी टॉवेल घेऊन तिच्या शेजारी उभी राहिले. तिने नळ जरा मोठा सोडला आणि पाण्याकडे बघत म्हणाली, “ताई, दादांच्या जागी आता कोण असतं?”

मला आधी कळलंच नाही. मग तिच्या वर केलेल्या बाहीकडे माझी नजर गेली. नर्सची नजर, तुला माहीत आहे. बोटांचे ठसे कसे दिसतात ते मला कुणी शिकवायला नको. तिने माझी नजर पाहिली आणि बाही खाली ओढली. ओले हात तसेच.

हेमंत, मी इतकी कधीच संतापले नव्हते. तिच्या नवऱ्यावर संतापले, त्या हॉलवर, तुझ्या मिसळीवर, तुझ्या मंगळवारावर. या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस सगळ्या ऑकलंडमध्ये मला एकच माहीत होता आणि त्याच्या फोटोसमोरची फुलं अजून कुणी उचललीही नव्हती. मी वकील नाही. मला कलमं माहीत नाहीत, कुठल्या दारावर जायचं ते माहीत नाही. तू हे कुणाला तरी शिकवून जायला हवं होतंस.

बाहेरून तिच्या नवऱ्याने हाक मारली. गोड आवाज आहे त्याचा. ती दचकली, कप तिच्या हातून सिंकमध्ये पडला. त्याने पुन्हा हाक मारली, आणि या वेळी पावलंही वाजली.

मी टॉवेल खाली टाकला, तिचा ओला हात धरला आणि आतूनच मोठ्यांदा ओरडले, “अहो, तुम्ही व्हा पुढे. ही माझ्याबरोबर येतेय.”